खिडकीपलीकडचं दादर

दादर टीटीला बसमधून उतरलात, की कानांवर पहिला हल्ला हॉर्नचा. पण आंबेडकर रोडवरून हिंदू कॉलनीच्या एखाद्या गल्लीत वळा. पन्नासेक पावलांत कुणीतरी व्हॉल्यूम कमी केल्यासारखं वाटतं. झाडं, बुटक्या जुन्या बिल्डिंग्ज आणि वर बघितलंत तर खिडक्यांचं प्रदर्शनच! एकाच बिल्डिंगला तिसऱ्या मजल्यावर पांढरं यूपीव्हीसी, दुसऱ्यावर काळं ॲल्युमिनियम आणि पहिल्यावर रंग उडालेलं सागवान.

ते पहिल्या मजल्यावरचं सागवान आमच्या मावशीचं. घर कोपऱ्यावरचं. बेडरूम पूर्वेला, थेट आंबेडकर रोडवर. हॉल उत्तरेला, गल्लीत बघणारा. आणि स्वयंपाकघर पश्चिमेला. काका गेल्यापासून मावशी एकटीच असते. बंगलोरच्या मावसभावाने फोनवरून फर्मान काढलं, ‘सगळ्या खिडक्या काढ, डबल ग्लास बसव, एसी लाव. शांत झोप.’ मावशीचं उत्तर एका वाक्याचं होतं, ‘मला बरणीतलं लोणचं करू नका रे!’

मग मध्यस्थ म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिला स्टॉप, शोरूम. तिथे एक काचेची पेटी असते. आत स्पीकर. दार उघडं असताना कान फाटतात, दार लावलं की सगळं चिडीचूप. सही! पण बॉस, पेटीत कुणी राहत नसतं. सेल्समनने सुचवलं डीजीयू, म्हणजे दोन काचा आणि मधे साधारण १२ मिलिमीटरची बंद पोकळी. दिवसभर एसी चालणाऱ्या घरात हा फंडा बेस्ट, कारण उष्णता आत यायला वेळ लागतो. मावशी मात्र पंख्यावर जगते, तिच्या खिडक्या उघड्याच असतात. उघड्या खिडकीला एक काच असो की दोन, काय फरक पडतो?

तिचा खरा वैरी होता बेडरूममधला आवाज. नियमांप्रमाणे रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आंबेडकर रोडला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही! इथे कामाला येते लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या सँडविचमध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक थर असतो. तो आवाजाची थरथर शोषतो आणि काच फुटली तरी तुकडे धरून ठेवतो. पण काच कितीही भारी घेतलीत आणि फ्रेमला फट राहिली, तर आवाज त्या फटीतून बिनदिक्कत येतो. म्हणून स्लायडिंगपेक्षा बिजागरीवर उघडणारी खिडकी बरी, ती रबरी गास्केटवर घट्ट दाबून बसते. बाहेर ग्रिल असेल तर मात्र ती आतच उघडायला हवी, पडद्याचा विचार आधीच करा.

फॅब्रिकेटर माप घ्यायला घरी आला. जाता जाता म्हणाला, ‘काकू, जुनं लाकूड आम्हीच घेऊन जातो. फुकट.’ मावशीने माझ्याकडे बघितलं. मुंबईत फुकट काही मिळत नाही, तसं फुकट कुणी काही नेतही नाही.

म्हणून दुसरा स्टॉप, जोगेश्वरी. एस. व्ही. रोडवरचा ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. इथे पाडलेल्या घरांचे दरवाजे, खांब, खिडक्या भिंतीला टेकून उभ्या असतात. काहींवर रंगाचे चार-चार थर, एकीवर तर कुणाच्या तरी मुलाची उंची पेन्सिलने मांडलेली. मावशी बराच वेळ तिथेच रेंगाळली. दुकानदाराने जुन्या सागवानाचा भाव सांगितला आणि आम्ही दोघी गप्पच झालो. ट्रेनमध्ये ती एवढंच म्हणाली, ‘हॉलची खिडकी राहू दे.’

घरी येऊन नीट तपासलं, तर तिच्या म्हणण्यात लॉजिक होतं. मुंबईचा पाऊस येतो नैऋत्येकडून. त्यामुळे स्वयंपाकघराची पश्चिमेची चौकट खालून कुजली होती, स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला. उत्तरेच्या हॉलच्या खिडकीचं लाकूड मात्र ठणठणीत होतं. फक्त बिजागऱ्या गंजलेल्या आणि पुट्टी सुटलेली. म्हणजे एकाच घरातल्या तीन खिडक्यांची तीन दुखणी, आणि आम्ही निघालो होतो सगळ्यांना एकच औषध द्यायला.

तसं बघितलं तर हा सगळा भाग वसलाच मुळी हवेसाठी. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीतून बाहेर, घरांना उजेड आणि वारा मिळेल अशी दादर-माटुंग्याची आखणी या ट्रस्टने केली. त्या घरांना सीलबंद करायचं, तर निदान विचार करून करावं ना?

शेवटी ठरलं ते असं. बेडरूमला यूपीव्हीसी, आतून स्टीलची पट्टी घातलेलं, लॅमिनेटेड काच, आत उघडणारी. स्वयंपाकघराला पावडर कोटेड ॲल्युमिनियमची स्लायडिंग, दोन ट्रॅक काचेचे आणि तिसरा मच्छरदाणीचा. स्लायडिंग अर्धीच उघडते हे खरं, पण फोडणीचा धूर जायला तेवढी पुरते. ट्रॅकला पाणी जायची भोकं आहेत ना आणि बाहेरच्या कट्ट्याला उतार आहे ना, हे उभं राहून तपासलं. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आणि काच टफन्ड घेणार असाल, तर माप दोनदा घ्या, दोन्ही कर्णांचं सुद्धा. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात आणि टफन्ड काच नंतर कापता येत नाही.

हॉलसाठी मिस्त्री बोलावला. त्याने रंग खरवडला, पितळी बिजागऱ्या लावल्या, काचा नव्या पुट्टीत बसवल्या. मावसभावाला फोटो पाठवले. त्याचा पहिला प्रश्न, ‘हॉल का सोडलात?’

परवा संध्याकाळी मी तिथेच होते. बेडरूमचं दार उघडलं, खिडकी बंद होती आणि आंबेडकर रोड खूप लांब गेल्यासारखा वाटला. हॉलमध्ये मावशी खिडकीत कोपर टेकून उभी. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलं, ‘काय गं, दोन दिवस दिसली नाहीस? बरं आहे ना?’

‘सर्दी झाली होती,’ मावशी म्हणाली. पाच मिनिटांत त्या काकू आल्याचा काढा घेऊन दारात हजर. मी मावसभावाला फोन लावला आणि म्हटलं, ‘हॉल का सोडला ते आता ऐक,’ आणि फोन त्या दोघींसमोर धरला.