बाहेर बसलेला गडी

आमच्या नारायणगावात दोन गोष्टींना मोठा मान आहे. एक तमाशाला आणि दुसरा टोमॅटोला. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला येतात. आणि ती गर्दी ओसरते न ओसरते तोच क्रेटनी भरलेल्या गाड्यांची रांग बाजाराकडे वळते. कबड्डीचा नंबर तिसरा. तोही मीच माझ्या पदरचा लावलेला आहे. गावाला विचाराल तर तो पाचवा-सहावा असेल.

मी मराठीचा मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाकडे शाळेचा कबड्डीसंघ का यावा, याला उत्तर एवढेच, की खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि त्या सभेला मी गैरहजर होतो. शिट्टी आणि हजेरीची वही दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येऊन पडली.

त्याच वर्षी तो नववीत आला. अंगाने काटकुळा, बोलायला लाजरा. वर्गात त्याला उभे केले की तो फळ्याकडे अशा नजरेने पाही, जणू फळ्यानेच त्याला वाचवावे. पण मध्यरेषा ओलांडली की पोरगा निराळाच! 'कबड्डी कबड्डी' हा त्याचा घोष इतका हलका असे, की पंचांना कान टवकारावे लागत. समोरच्या सातजणांची साखळी आवळत आली, की हा क्षणभर थबके. नेमका त्या थबकण्यालाच ते भुलत. पुढच्या क्षणी कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाला याचा अंगठा लागलेला असे आणि हा दोघांच्या मधल्या फटीतून घरी परतलेला असे. ही फट त्याला आधी कशी दिसे, ते मला कधी कळले नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "सर, ते मागं सरकताना एकमेकांकडं बघत्यात. बघितलं की जागा होती."

एवढे असूनही आम्ही हरत होतो.

कबड्डीचा एक नियम आहे. मैदानाजवळून जाता येता खेळ पाहणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही. चढाई करणारा पकडला गेला की बाद होऊन बाहेर बसतो. तो आपण होऊन आत येऊ शकत नाही. त्याच्या बाजूने समोरचा गडी बाद केला, तरच बाहेर बसलेल्यांतला एक, आधी गेलेला आधी या क्रमाने, जिवंत होतो. म्हणजे कितीही अव्वल चढाईवाला असो, त्याचे जगणे मागे राहिलेल्यांच्या हातात. त्यांनी पकड केली तर हा उठणार. नाही तर कडेला मांडी घालून बसणार.

आमच्या मागची फळी म्हणजे आज आहे तर उद्या नाही, असला प्रकार. डाव्या कोपऱ्यावरचा मुलगा घोट्याची पकड अशी घेई, की समोरच्याला आपण कुठे अडकलो ते पडल्यावरच समजे. पण त्याची हजेरी टोमॅटोच्या भावावर अवलंबून! भाव चढला की तो तोडणीला. भाव पडला की घरात मजुरीला पैसे नाहीत, म्हणून पुन्हा तोच तोडणीला. उजवा मध्यरक्षक वस्तीवर राहायचा. वाटेत ऊस, आणि आमच्या जुन्नर तालुक्यात ऊस म्हणजे बिबट्या. दिवस मावळायच्या आत त्याला घरी पोचायचे असे. त्याला थांबवून घेण्याचा धीर मला कधी झाला नाही.

मग व्हायचे काय, तो चार चढायांत पाच गुण आणायचा, पाचव्या चढाईत सापडायचा आणि बाहेर बसायचा. मागचे सहाजण एकेक करून गळायचे. सगळे बाद झाले की आमच्यावर लोण बसे. लोणानंतर सातही गडी पुन्हा आत येतात. दोन वर्षांत तो बहुतेक वेळा जिवंत झाला तो असा, समोरच्यांना दोन गुण जादा देऊन. एका डावात मी घड्याळ लावले. तो सलग नऊ मिनिटे बाहेर बसून होता. गवताची काडी तोडत होता, पण नजर कोपऱ्यावर होती.

माझ्या वडिलांना क्रिकेटचे वेड होते. असे काही पाहिले की त्यांना विजय हजारे आठवत. सांगलीचा हा माणूस 1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला दोन्ही डावांत शतके करून गेला, 116 आणि 145. दुसऱ्या डावात त्याच्या संघातल्या सहाजणांना एकही धाव करता आली नाही. सामना एक डाव आणि 16 धावांनी गेला. पण वडिलांना त्याहून आवडे ती गोष्ट डिसेंबर 1943 ची. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत, ब्रेबॉर्नवर अंतिम लढतीत, हिंदूंविरुद्ध 'रेस्ट'च्या एकूण 387 धावा झाल्या. त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या 309! तोही सामना हरलेच. "पण त्याच्या भावाच्या किती, सांग?" वडील विचारत. विवेक हजारेच्या 21. आणि दोघांची भागीदारी 300 ची. "एकवीस धावा," वडील बोट वर करून म्हणत, "पण तो उभा राहिला होता!" लहानपणी मला ही गोष्ट थोरल्या भावाची वाटे. आता ती धाकट्याची वाटते.

अगदी अलीकडचे उदाहरण आमच्या मुलांनीच मला दाखवले. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई 2018 साली 'यू मुंबा'कडून प्रो कबड्डीत उतरला आणि चढाईचे दोनशेच्या वर गुण घेऊन बसला. मागे फझल अत्राचलीसारखा इराणी कोपरारक्षक. संघ बाद फेरीत गेला. पुढच्या वर्षी 'तेलुगू टायटन्स'ने त्याला एक कोटी 45 लाखांना नेले. गुण त्याने तिथेही दोनशेच्या वर घेतले. संघ मात्र तळाच्या आसपास राहिला. "सर, आपल्यासारखंच," एक जण म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही.

नववीच्या अखेरीला त्याचे वडील माझ्याकडे आले. पुण्याकडच्या एका संघाने मुलाला मागितले होते. राहणे, खाणे, शाळा, सगळे तिकडेच. टोपी हातात धरून त्यांनी विचारले, "धाडू का, सर? तुम्ही म्हनाल तसं." मी म्हणालो, "एक वर्ष थांबा. दहावी इथंच होऊ द्या." दहावीचे कारण खरे होते, पण पुरते खरे नव्हते. तो गेला तर माझ्या संघात काय उरणार, हे मनात आधी आले आणि दहावी नंतर. कादंबरीत असले पात्र मी एका परिच्छेदात उघडे पाडले असते. स्वतःच्या बाबतीत मात्र वर्ष लागले.

2023 च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे असा भाव आला. गावात मोटारसायकली नव्या झाल्या. आमचा डावा कोपरा मात्र महिनाभर मैदानावर फिरकला नाही. आणि मला दिसू लागले की त्याची चढाई बदलते आहे. तो आता आत शिरत नसे. बोनस रेषेवर पाय टेकवी आणि परत. थबकणे गेले. सापडायचेच नाही, एवढेच त्याच्या डोक्यात होते. कारण सापडला तर उठवायला कोणी नव्हते.

आमच्या आळीत एक म्हातारे ढोलकीवाले आबा आहेत. उभा जन्म फडात गेलेला. मी त्यांना सहज विचारले, "आबा, बाई चांगली आणि ढोलकी कच्ची, असं झालं तर?"

"मग बाई पायानं ढोलकी सावरती," आबा म्हणाले. "लोकांना काय बी कळत न्हाई. टाळ्या पडत्यात. पर दोन वर्सं असं झालं का तिची चाल बिघडती, गुरुजी. मागनं चांगला ढोलकीवाला दिला तरी ती त्याच्याच्यानं सुधरत न्हाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे सहाला मी कोपऱ्याच्या शेतावर गेलो. त्याचा बाप म्हणाला, "न्या की पोराला. पर क्रेट कोन भरनार?" मी बाह्या सावरल्या. तीन रविवार आणि कैक सकाळी मी टोमॅटो तोडले. टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा चीक बोटांना बसतो, तो साबणाने जात नाही. वर्गात खडू धरला की मुले माझ्या हाताकडे पाहून एकमेकांना कोपराने ढोसत. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निदान किलोभर तरी घरी आणायचे होते! बाजारात विचारायची सोय नाही."

तालुक्याच्या सामन्यात कोपरा उभा होता. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा सवयीने मांडी घालून बसला आणि गवताची काडी शोधू लागला. काडी हाताला लागायच्या आत कोपऱ्याने समोरच्याचा घोटा धरला. पंचांनी आत यायची खूण केली, तर हा आपल्याच नादात, मला ओरडावे लागले, "अरे ऊठ!" त्या दिवशी तो पुन्हा थबकू लागला. आम्ही तो सामना जिंकलो आणि दुपारचा दुसरा चांगल्या फरकाने हरलो. उजव्या मध्यरक्षकाला लवकर निघायचे होते.

दहावीचा निकाल लागल्यावर मी आपण होऊन त्याच्या घरी गेलो आणि त्या संघाला चिठ्ठी लिहून दिली. गाडीत बसताना त्याने वाकून नमस्कार केला, आणि मला त्याच्या डोक्यावर हात ठेवताना आपले बोट अजून हिरवे आहे की काय, असे वाटून गेले.

मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. जेवण बरे आहे, अभ्यास जड जातो, वगैरे. मी विचारले, "खेळ कसा चाललाय?"

"बरा हाये, सर," तो म्हणाला. मग जरा थांबून, हसत, "पण इथं बाहेर बसायलाच मिळत न्हाई. बूड टेकलं का लगेच उठवत्यात."

मीही हसलो. फोन ठेवल्यावर हिशेब करीत बसलो, आमच्याकडे दोन वर्षांत तो एकूण किती मिनिटे बसला असेल याचा. मग बाहेर फटाके वाजू लागले आणि हिने करंज्यांचे ताट पुढे ठेवले.