यादीत चालू, हाकेला बंद

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझ्या गच्चीवर बारा व्होल्टच्या बॅटरीवर एक राऊटर चालतो. त्याच्या डिशचं तोंड मानेवाड्याकडे आहे. आम्ही काही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, मित्र राऊटरमध्ये एआरईडीएन हे हॅम लोकांच्या आपत्कालीन जाळ्यासाठीचं फर्मवेअर घालून ५.८ गिगाहर्ट्झवर एक लहानसं मेश जाळं चालवतो. मध्ये इंटरनेट नाही की मोबाइल कंपनी नाही. एका गच्चीवरचा नोड, म्हणजे असा राऊटर, पुढच्या गच्चीला धरतो आणि नंदनवन, महालापर्यंत कॅमेरा, फोन, निरोपाचं पान पोचतं. या सगळ्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो आणि त्यांची यादी प्रत्येक नोडवर दिसते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आमच्याकडे वीज गेलेली. दोन मीटर बँडच्या हँडसेटवर महालातला मित्र ओरडून सांगत होता, “भाऊ, यादीत तं सारं चालू दाखवून राहिलं, पण कॅमेरा काही उघडून नाही राहिला!” नदीचं पाणी कुठवर आलं हे बघायला तो कॅमेरा बसवला होता, आणि नेमका त्याच वेळी तो मुका.

कारण साधं होतं. सर्व्हिसची घोषणा करतो राऊटर आणि काम करतो त्याला जोडलेला दुसरा डबा. राऊटर बॅटरीवर, कॅमेरा घरच्या विजेवर. वीज गेली तसा कॅमेरा गप्प झाला, पण राऊटर त्याचं नाव जाळ्यावर सांगतच राहिला. आमची यादी घोषणांवर बनत होती, कोण खरंच उत्तर देतंय ते ती विचारत नव्हती. अडचणीच्या वेळी अशा यादीपेक्षा यादी नसलेली बरी, कारण माणूस तिच्यावर विसंबून मोलाचा वेळ घालवतो.

मग आम्ही तपासणी लिहायला घेतली. आधी नुसतं पिंग करून पाहिलं, ते पुरलं नाही. एका रास्पबेरी पायचं, म्हणजे लहानशा संगणकाचं, मेमरी कार्ड मेलं होतं, तरी तो पिंगला इमानदारीत उत्तर देत होता. पिंगचं उत्तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा आधीच चालू असलेला गाभा, देतो, त्याला कार्ड लागत नाही. त्यावरचं निरोपाचं पान मात्र उघडेना. म्हणून आता ज्याचं जे काम तेच मागतो. पानाकडून पहिली ओळ, कॅमेऱ्याकडून एक फ्रेम, फोनच्या एक्स्चेंजकडून एसआयपी या फोन जोडायच्या प्रोटोकॉलचं उत्तर. तेही हलक्या हाताने, कारण तपासणीनेच लिंक भरली तर उपयोग काय?

एकदा उत्तर चुकलं म्हणून आम्ही कुणाला बंद ठरवत नाही. रेडिओची लिंक आहे, जोराच्या वाऱ्यात ती डगमगते. सलग तीनदा उत्तर आलं नाही, तरच यादीत लाल खूण. आणि मानेवाड्याचा मधला नोडच पडला असेल, तर त्यापलीकडच्या सगळ्यांना लाल करणं अन्याय आहे. तिथे ‘रस्ता तुटला’ अशी वेगळी, पिवळी खूण लागते. तपासणी सक्करदऱ्यातून होते तशीच महालातूनही होते. दोन्हीकडून नोड सापडतो पण सर्व्हिस उत्तर देत नाही, तेव्हा दोष सर्व्हिसचाच.

बंद सर्व्हिसचं नाव यादीतून काढून टाकावं, असं काहींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. नाव गेलं की मालकालाही कळत नाही आणि शोधणाऱ्यालाही. आम्ही नाव ठेवतो आणि शेजारी शेवटचं उत्तर किती वाजता आलं ते लिहितो.

त्या वेळेनेच एक कोडं सोडवलं. एका सर्व्हिसचं शेवटचं उत्तर मे महिन्याच्या अखेरीस रोज भर दुपारचं असायचं, संध्याकाळी ती आपोआप परत यायची. पत्र्याच्या पेटीत, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक, उन्हात तो लहानसा संगणक तापून बंद पडत होता. पेटी जिन्याखाली सावलीत आणली आणि लाल खूण गेली.

माझी हॅम मंडळींना एवढीच विनंती आहे: राऊटर ज्या बॅटरीवर आहे, त्याच बॅटरीवर सर्व्हिसही घ्या, आणि पावसाळ्याआधी एकदा मेन स्विच बंद करून यादीतलं प्रत्येक नाव स्वतः उघडून बघा.