इंजिन बोटीबाहेर काढताना

मे महिन्याच्या मध्यात हर्णैच्या समोर आमची बोट मासेमारीला असताना इंजिनाचं ऑइल प्रेशर खाली यायला लागलं. बोटीवर माझा धाकटा भाऊ तांडेल आहे. त्याने इंजिन हळू केलं आणि डिपस्टिक काढून बघितली. तेल काळं नव्हतं, दुधाळ चहासारखं झालं होतं. त्याने तिथंच इंजिन बंद केलं आणि जवळच्या बोटीला बोलावलं. त्यांनी दोर टाकून आमची बोट आंजर्ल्याच्या खाडीकडे ओढत आणली. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो, त्यामुळे भरती लागेपर्यंत बाहेर नांगरावर थांबावं लागलं. तेवढ्या वेळात खलाशी म्हणत होते, एकदा चालू करून बघू या. भावाने इंजिनाला हात लावू दिला नाही. क्रँक वाचला तो त्यामुळेच, असं पुढे इंजिनाचे मिस्त्री म्हणाले आणि मलाही तेच वाटतं.

तेलात पाणी दिसलं की सगळे आधी हेड गॅसकेटचं नाव घेतात. किनाऱ्यावर पोचायच्या आत मला चार जणांनी तेच सांगितलं. मिस्त्रींनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "नाखवा, पाणी खारं की गोडं?"

इंजिनाच्या आत फिरणारं पाणी गोडं असतं आणि समुद्राचं पाणी ते बाहेरून थंड करतं. गॅसकेट गेली किंवा लायनरच्या खालचं रबर गेलं, तर तेलात गोडं पाणी उतरतं आणि वरची टाकी कमी होते. आमची टाकी काठोकाठ होती. म्हणजे तेलात गेलं ते खारं पाणी. आमच्या इंजिनाचा ऑइल कूलर थेट समुद्राच्या पाण्यावर चालतो. मिस्त्रींनी तो उतरवला, तेलाच्या बाजूचं एक तोंड बंद केलं, पाण्याच्या टबात बुडवला आणि दुसऱ्या तोंडातून हवा भरली. बुडबुड्यांची ओळ वर आली. हेड खोलायच्या आधी ही तपासणी करून घ्या. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

त्याच रात्री सगळं तेल काढलं. डिझेल मिसळलेलं पातळ तेल आत भरून इंजिन हाताने फिरवलं, ते काढलं, पुन्हा भरलं. खारं पाणी बेअरिंगवर राहिलं तर गंज चढायला वेळ लागत नाही. थकलो होतो, पण हे काम सकाळवर टाकलं नाही.

बेअरिंग मात्र बघावंच लागणार होतं आणि त्यासाठी ऑइल संप खाली उतरवावा लागतो. आमचं इंजिन सहा सिलिंडरचं, लॉरीच्याच ब्लॉकवर बांधलेलं. लॉरीत माणूस खाली झोपून संप काढतो. बोटीत संपाच्या खाली चार बोटं जागा आणि मग थेट पठाण, म्हणजे बोटीचा तळाचा कणा. इंजिन वर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. याचा खर्च किती येईल, ते घरी सांगायला मी बरीच टाळाटाळ केली.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दुरुस्तीला वेळ मिळणार होता. पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. पाऊस यायच्या आत बोट वर घ्यायची आणि इंजिन काढायचं, असं ठरलं. अमावास्येची उधाणाची भरती गाठली. आपल्याकडे ती दुपारी बाराच्या आसपास लागते, त्यामुळे काम उजेडात होतं. जागा निवडताना भावाने बोटीपेक्षा क्रेनचा विचार आधी केला. रस्त्यापासून जवळ, खाली मुरूम, चिखल कमी. ओहोटीला बोट सुकीवर बसली, तेव्हा दोन्ही बाजूंनी जाड टेकू दिले.

मग टेप लावला. इंजिन गिअर बॉक्ससकट इंजिनघराच्या तोंडापेक्षा लांब निघालं. बोट बांधताना आधी इंजिन बसवलेलं, वर केबिन नंतर चढवलेली. गिअर बॉक्स वेगळा करून आधी काढायचं ठरलं, तरी केबिनच्या छताचं प्लाय आणि एक आडवा वासा सोडवावा लागणार होता. सुतार बोलावला. त्याने वासा काढायच्या आधी दोन्ही बाजूंना तात्पुरता आधार ठोकला, कारण तोच वासा बोटीच्या कडा धरून असतो. क्रेन येऊन उभी राहिल्यावर हे कळलं असतं तर तिचं भाडं नुसतं चालू राहिलं असतं.

सोडवायच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो देणं योग्यच होतं. बॅटरी काढली. समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद केला. प्रत्येक नळी आणि वायर सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो घेतला आणि दोन्ही टोकांना एकच नंबर बांधला. डिझेलच्या नळ्यांची तोंडं बुचांनी बंद केली, कारण पंपात कचरा गेला तर वेगळाच खर्च उभा राहतो. स्टार्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर उतरवून वजन कमी केलं. इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्रे असतात, त्यांना शिम म्हणतात. कुठल्या पायाखाली किती आणि कुठले, हे महत्त्वाचं. मिस्त्रींनी प्रत्येक पायाचे शिम तारेत ओवून त्याच्याच फाउंडेशनच्या लाकडाला बांधून ठेवले. वर्कशॉपमध्ये नेऊच दिले नाहीत.

कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट थोडा मागे सरकवला आणि आतून क्लॅम्प लावून पक्का केला. आमची बोट सुकीवर होती, तरी भरतीला तिच्याभोवती पाणी येणारच होतं. शाफ्ट मागे निसटला तर स्टर्न ट्यूबमधून पाणी सरळ आत. पाण्यावरच्या बोटीत हा क्लॅम्प विसरून चालणार नाही.

इंजिनाला उचलायला कारखान्याने दिलेले दोन हूक असतात, चेन त्यातच अडकवली. आधी बोटीतल्या चेन पुलीने डेकच्या उंचीपर्यंत वर आणायचं आणि मग हायड्रा क्रेनने बाहेर घ्यायचं, असं ठरलं होतं. पुलीची तुळई डेकच्या फळ्यांवर न ठेवता बोटीच्या वांकांवर, म्हणजे फासळ्यांवर, भार येईल अशी टेकवली. चेन ताठ झाली. तुळई करकरली, पण इंजिन हललं नाही. एक खलाशी म्हणाला, अजून दोन हात ओढू. मिस्त्री ओरडले, "थांबा! काहीतरी धरलंय." टॉर्च लावून शोधलं. मागच्या डाव्या पायाचा बोल्ट नट काढल्यावरही गंजून पायाच्या भोकात अडकला होता. तेल सोडून, खालून ठोकत तो वर काढला. मग इंजिन सहज उचललं गेलं.

क्रेन आली तेव्हा तिचं एक चाक कडेच्या ओल्या मातीत रुतलं. ऑपरेटर म्हणाला, मागेच थांबतो, बूम लांब करतो. बूम जितकी लांब तितकी क्रेनची ताकद कमी, तिच्यावर लिहिलेले टन बूम आखूड असतानाचे असतात. आम्ही गावातून लोखंडी प्लेटा आणवल्या, चाकांखाली घातल्या आणि क्रेन पुढे घेतली. इंजिन बोटीच्या कडेवरून जाताना बोट टेकूवर कलली आणि पुन्हा सावरली. मी पाठ फिरवून उभा होतो, माझ्याने बघवलं नाही.

वर्कशॉपमध्ये संप उघडला. क्रँकवर चरे होते, पण उथळ. दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून त्या मापाची नवी बेअरिंग घातली. लायनर चांगले होते, रबरं बदलली. ऑइल कूलर नवा घेतला. काम अवघड नव्हतं, रांग मोठी होती, कारण बंदीच्या काळात सगळ्या बंदरांची इंजिनं त्याच लेथवर येतात. नंबर मेमध्येच लावून ठेवला तरच इंजिन वेळेत हातात येतं, असं तिथल्या सगळ्यांचंच म्हणणं होतं. मधल्या दिवसांत भावाने इंजिनाखालची जागा धुतली. तेलकट गाळ निघाला तेव्हा फाउंडेशनच्या लाकडाचं मागचं टोक कुजलेलं दिसलं. इंजिन जागेवर असतं तर ते कधीच दिसलं नसतं. सुताराने तेवढा तुकडा बदलला. फाउंडेशनचे बोल्ट, पाण्याच्या नळ्या आणि ग्लॅन्डची डोरीही तेव्हाच नवी घातली.

इंजिन आत घालणं काढण्यापेक्षा अवघड गेलं. मेमध्ये जिथं क्रेन उभी होती, तिथं जुलैत गुडघाभर चिखल. मग उधाणाला बोट पाण्यावर घेतली आणि दुसऱ्या बोटीने ओढत जेटीला आणली. इंजिन नसल्याने मागची बाजू हलकी होऊन वर आली होती, म्हणून आत वाळूची पोती भरली. लाकूड कोरडं पडल्याने फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येत होतं. फळ्या फुगेपर्यंत पंप चालू ठेवला आणि रात्री एक माणूस बोटीवर झोपला. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं त्या वेळात, पावसाची उघडीप बघून, इंजिन खाली सोडलं. शिम आपापल्या जागी होतेच.

मला लगेच कपलिंग आवळून टाकायचं होतं. १ ऑगस्ट जवळ आला होता आणि खलाशी येऊन थांबले होते. मिस्त्री म्हणाले, "नाखवा, बोट अजून बसली नाही. आज आवळाल तर उद्या शाफ्ट वाकडा." सुकीवर बसलेल्या बोटीचा आकार पाण्यावर बदलतो आणि इंजिनाचं वजन पडल्यावर पुन्हा बदलतो. डिझेल, पाणी, जाळी सगळं भरून घेतलं आणि मग फीलर गेज लावला. कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजायची. चकतीच्या दर इंच व्यासाला एक थाउ, यापेक्षा जास्त फरक चालत नाही. आमची चकती सहा इंची. खालच्या बाजूला फट जास्त आली, मागच्या पायांचे शिम बदलत गेलो आणि दिवस मावळायच्या सुमाराला माप बसलं.

पहिल्या फेऱ्या किनाऱ्याजवळच केल्या. तेल लवकर बदललं, फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा दोन बोल्टांनी पाव आटा घेतला. कपलिंगचं मापही परत घेतलं, ते जागेवर होतं. आता भाऊ खाडीतून निघायच्या आधी रोज डिपस्टिक काढून तेलाचा रंग बघतो. ऑइल कूलर दरवर्षी शाकारणीच्या वेळी उतरवून हवेवर तपासायचा आणि त्यातलं झिंक अर्धं झिजलं की बदलायचं, असं ठरवलंय. केबिनच्या छताचं प्लाय सुताराने परत ठोकलं नाही. ते आता बोल्टवर बसवलंय, सोडवता येईल असं.