अंदाज शिकवणारं पुस्तक

दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, टर्ब्युलन्ससाठी ग्रिफिथ्ससारखं एखादं पुस्तक सांगा ना." ग्रिफिथ्स म्हणजे विद्युतगतिकीवरचं, १९८१ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक, मुलं त्याच्यावर जीव टाकतात. मागणी रास्त आहे, पण टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे खळाळत्या, अनियमित प्रवाहांसाठी, तसं पुस्तक नाही. दोष लेखकांचा नाही, विषयाचा आहे.

मॅक्सवेलची समीकरणं रेषीय. एका प्रभाराचं क्षेत्र काढलं, दुसऱ्याचं काढलं, बेरीज केली की झालं. म्हणून ग्रिफिथ्सला विटेवर वीट रचत जाता येतं. चारही समीकरणं एकत्र येतात ती थेट सातव्या प्रकरणात, तोवर पाया पक्का झालेला असतो. वाहत्या पाण्याच्या समीकरणात मात्र वेगच वेगाला वाहून नेतो. दोन उत्तरं मिळवून तिसरं मिळत नाही. रचायला विटाच नाहीत.

मग मी टेनेकेस आणि लमली यांचं टर्ब्युलन्सवरचं १९७२चं पुस्तक हाती ठेवतो. त्यात बरोबरच्या चिन्हापेक्षा '~' या, 'साधारण तेवढंच' सांगणाऱ्या नागमोडी चिन्हाचा मान मोठा. परीक्षा देत वाढलेल्या मुलांना त्याचा रागच येतो. "पण सर, नेमकं उत्तर किती?"

अशा वेळी उदबत्ती कामाला येते. खोली पाच मीटरची; सुगंध पलीकडच्या टोकाला पोचायला किती वेळ लागेल? हवा अगदी निश्चल धरली, तर सुगंधाच्या रेणूंचा विसरण गुणांक ढोबळमानाने सेकंदाला एक लाखांश चौरस मीटर. लांबीचा वर्ग भागिले गुणांक: पंचवीस लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ महिना! पण पंखा बंद असला तरी हवा कुठे स्वस्थ बसते? ती सेकंदाला पाच सेंटिमीटर घोळते असं धरू. लांबी भागिले वेग: शंभर सेकंद. महिना की दोन मिनिटं, एवढंच तर ठरवायचं होतं. शंभराऐवजी दोनशे निघाले तरी निकाल बदलत नाही.

बॅचलरचं प्रवाहगतिकीवरचं १९६७चं पुस्तक भारदस्त आहे, पण नावात 'ओळख' असली तरी पहिल्या भेटीत देऊ नये. त्याआधी व्हॅन डाइकचा १९८२चा, प्रवाहांच्या छायाचित्रांचा अल्बम द्यावा. पदरमोड करून त्यांनी तो स्वतःच छापला. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातल्या जडत्वाचं चिकटपणाशी असलेलं गुणोत्तर, दहाच्या आसपास असताना प्रवाहात ठेवलेल्या दंडगोलामागे दोन भोवरे चिकटून बसलेले दिसतात. शंभराच्या पुढे ते आलटूनपालटून सुटत वाहून जातात. समीकरण तेच, फक्त एक अंक बदलला. विद्युतचुंबकत्वाच्या वर्गात क्षेत्ररेषा फळ्यावर काढून भागतं. इथे ती पानं उलटू द्यावी लागतात, आणि तेवढा वेळ शिक्षकाने गप्प बसावं लागतं, जे मला अजून जड जातं.