3 जानेवारीला वर्गात नसलेल्या मुली

सावित्रीबाई फुल्यांची जयंती मी आमच्या जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी हौसेनं करायचे. 3 जानेवारीला मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून यायच्या. एखादी हुशार मुलगी पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हणायची, टाळ्या व्हायच्या, फोटो निघायचे. ज्यांच्यासाठी तो दिवस सगळ्यात जास्त गरजेचा होता, त्या मुली मात्र तेव्हा सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडावर असायच्या. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली टोळी दसरा-दिवाळीला गाव सोडते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परतते, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. हंगामी वसतिगृहात काही मुली राहतात. पण कोपीवर भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी आईला लागतेच. रोज हजेरी मीच घेत होते. तरी जयंतीची तारीख आणि त्या मुलींची गैरहजेरी कितीतरी वर्षं मी एकत्र मांडून पाहिली नाही.

शिकवण्यातही चुकत होते. थोर बाई म्हणजे सोसणारी बाई, असंच माझ्या तोंडून जायचं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी आमच्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून, जामखेड तालुक्यात. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. म्हणून मी त्यांना हातात पिंड घेतलेली भक्त म्हणूनच वर्गात आणलं. 1767 पासून 1795 पर्यंत ज्या बाईनं होळकरांच्या दौलतीचा वसूल, न्याय सांभाळला, तिचा कारभार मी दोन वाक्यांत उरकला.

एका एप्रिलात फडावरून आलेल्या मुलींना मी मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवला. मुक्ता मातंग समाजातली, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वय जेमतेम चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा सवाल ती थेट देवाला करते. आपल्या जातीच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात आणि थंडीवाऱ्यात हाल सोसतात, हेही लिहिते. त्या ओळींपाशी मागच्या रांगेतली सहावीतली मुलगी बोलली, “बाई, माझा भाऊ फडातच झालता. अवकाळी लागला म्हणून मामीनं वरून ताडपत्री धरली.” एरवी ही मुलगी नाव विचारलं तरी मान खाली घालायची.

मी म्हटलं, तुम्हीही लिहा. पाचटानं चिरलेल्या बोटांनी त्या लिहू लागल्या: अंधारात भरायची गाडी, वाढ्याचे भारे, आजारपणात पडलेला खाडा. आणि इथं मी सगळ्यात वाईट चूक केली. सवयीनं लाल पेन उचलून तिच्या वहीतलं ‘झालता’ खोडलं, वर ‘झाला होता’ लिहिलं. तिनं वही ओढून घेतली, मिटली. त्या दिवशी तिनं पुढं एक ओळ लिहिली नाही. मुक्ताचं लिखाण छापणाऱ्यांनी ते तिचं म्हणून छापलं, आणि मी तिच्याबद्दल शिकवतानाच एका मुलीचं लिखाण थांबवलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

रखमाबाईंचा धडा तर मी मुद्दाम टाळत आले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुंबईची ही मुलगी मोठेपणी नवऱ्याकडं नांदायला जायला नकार देते, 1887 मध्ये कोर्टानं हुकूम केला तरी तुरुंगात जाईन पण जाणार नाही म्हणते, आणि पुढं लंडनला शिकून डॉक्टर होते. आमच्याकडं टोळीत एक ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. पोरगी वयात आली की जोडी लावून द्यायची घाई. गावाचा रोष नको, म्हणून मी गप्प बसले. त्यात आठवीतल्या एका मुलीचं लग्न झालं, मला आधी कळलं होतं, तरी मी ग्रामसेवकांना सांगितलं नाही. जयंतीला ते पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलगी तीच.

आता हे सगळं मी दसऱ्याच्या आधी घेते, टोळ्या निघायच्या आत. रखमाबाईंची गोष्ट पालकसभेत, आयाबापांसमोर सांगते. काही बाप उठून जातात. आया बहुधा थांबतात, आणि कोर्टानं पुढं काय केलं ते विचारतात.