बेकन, राजकारण आणि मंद आच

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे, मीठ व नायट्राइट लावून मुरवलेले आणि बहुधा धुरी दिलेले पातळ काप. अमेरिकेत नाश्त्याचा आवडता पदार्थ. तिथे राहणारा माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, पक्का रिपब्लिकन. त्याचा मुलगा तितकाच पक्का डेमोक्रॅट. कर, बंदुका, आरोग्यविमा, कशावरच दोघांचे पटत नाही. एकमत फक्त बेकनवर, तेही पॅन गॅसवर चढेपर्यंतच!

दादाचे मत, पॅन आधी कडकडीत तापवावा. पुतण्याचे मत, बेकन थंड पॅनमध्ये ठेवूनच गॅस लावावा. निवाडा अर्थातच डॉक्टरकडे आला.

राजकारणी तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतात, बेकनला ते मानवत नाही. मंद आचेवर कापातली चरबी हळूहळू वितळून बाहेर येते आणि तो कुरकुरीत होतो. पाणी उडून गेले, की साधारण १४० अंश सेल्सिअसला प्रथिने व साखर यांच्यात मेलार्ड प्रक्रिया जोरात होते. खमंग वास आणि तपकिरी रंग तिचाच. फार तापवले, तर नायट्राइटपासून नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये जास्त तयार होतात.

"म्हणजे काका, आमचा पक्ष बरोबर!"

"अरे, निकाल पॅनपुरता आहे, मतपेटीचा नाही."

आता गंभीर मुद्दा. दादाच्या आतड्यातून पूर्वी एक पॉलिप काढला आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले. दादाला हा डाव्यांचा कावा वाटतो! पण हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. बेकन सिगारेटइतके घातक आहे, असे नव्हे. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या पाच जणांना होणार असेल, तर सुमारे सहा जणांना होईल. सॉसेज, सलामी, हॅम आणि आपले गोव्याचे चोरीसही यातच आले.

म्हणून बेकन कधीतरीच खा, मंद आचेवर करा, काळे होऊ देऊ नका आणि पॅनमध्ये उरलेली चरबी टाकून द्या. पॉलिप निघालेल्यांनी कोलोनोस्कोपीची पुढची तारीख चुकवू नये. शौचातून रक्त गेल्यास मूळव्याध समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आतडे कोणत्याच पक्षाचे नसते.