किन्वा आणि मामाचे दोन कट्टे

मागच्या वर्षी मे महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, असं खाली बारीक अक्षरात छापलेलंच होतं. वय ३२, बाबांना पंचेचाळिशीपासून गोळ्या चालू, आणि माझा अख्खा दिवस मिहानमधल्या एका खुर्चीत जातो. घाबरलो. घाबरलेला इंजिनिअर जे करतो तेच मी केलं. रात्री दोनपर्यंत नेटवर वाचत बसलो आणि सकाळी किलोभर किन्वा मागवला. तांदळाच्या कितीतरी पट भाव देऊन!

(घरात याला अजूनही कोणी किन्वा म्हणत नाही. आई 'किनवट' म्हणते, बाबा 'तुझी ती खसखस'.)

खरी अडचण वेगळीच होती. आईचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, म्हणजे धानाचा मुलूख. मामाकडून दरवर्षी चिनोर तांदळाचे दोन कट्टे येतात. तांदूळ विकत आणलेला मी घरात कधी पाहिला नाही. आणि मी जेवताना जाहीर केलं, "आजपासून माझा भात बंद." आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी कुकर लावताना तिने नेहमीची वाटी भरली, थांबली, आणि त्यातले थोडे तांदूळ परत डब्यात टाकले. बस, एवढंच. पण मला ते दिसलं.

पहिला प्रयोग मी एकट्यानेच केला. न धुता, भाताच्या अंदाजाने पाणी घालून, कुकरला तीन शिट्ट्या. निघालं ते कडू पिठलं. बाबांनी एक घास घेऊन विचारलं, "हे गोळ्यांच्या आधी घ्यायचं की नंतर?"

दुसऱ्या दिवशी धुवायला घेतला तर पातेल्यात हा फेस! आई मागे उभी होती. "रिठ्यासारखा फेस येऊन राहिला रे." आणि ती बरोबर होती. या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो, रिठ्यात असतं तेच. पाखरांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली सोय. चार-पाच पाण्यांनी, हाताने चोळून धुतला की कडवटपणा जातो. मग कोरडाच जरा परतायचा, एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं, आणि गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावायचा नाही. प्रत्येक दाण्याला पांढरी शेपटी फुटली की झाला. कुकर नकोच.

डब्याचं मात्र काही जमेना. सकाळी मोकळा फडफडीत असलेला किन्वा एक वाजता घशात अडकतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की अजूनच. आमच्याकडे सगळे डबे मधे ठेवून खायची पद्धत आहे, तर माझ्या डब्याकडे आठवडाभर कोणी हात नेला नाही. टीममधल्या एकाने फक्त विचारलं, "काय बे, चिमण्या पाळल्या का?" शेवटी दही, भरपूर सांबार (पुणेकरांनो, कोथिंबीर!), लिंबू आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी असा थंडच न्यायला लागलो, तेव्हा कुठे दोन चमचे फिरले.

मधल्या काळात आकडेही काढून ठेवले. १०० ग्रॅम कच्च्या किन्वात प्रोटीन साधारण १४ ग्रॅम, पांढऱ्या तांदळात ७ च्या आसपास. पण तुरीच्या डाळीत २२! आणि कार्बोहायड्रेट किन्वात ६४, तांदळात ७८-८०. म्हणजे फरक आहे, पण जादू नाही. हा दाणा मूळ अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष त्याच्या नावे केलं आणि मग जगभर गाजला. आणि वनस्पतीशास्त्राप्रमाणे हा चाकवताचा सख्खा भाऊ! तीच चाकवताची ताकातली पातळ भाजी, जी मी लहानपणी ताटात ढकलून ठेवायचो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही खाल्ली?" याला उत्तर नव्हतं.

असो. ऑगस्टमधल्या एका रविवारी उठलो तर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. आईने हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, हिंग, कडकडीत तेलाचं मोहन घालून गोळे वळले होते आणि ते माझ्या किन्वावर वाफवायला ठेवले होते. गोळाभात, भाताशिवाय. वरून लाल मिरच्यांची फोडणी, बाजूला चिंचेचं सार. मी न सांगता, न विचारता. खरं सांगू? चिनोरच्या गोळाभाताची सर नाही. किन्वा फोडणीचं तेल तसं पीत नाही. पण दोनदा वाढून घेतला. बाबांनीही घेतला, न बोलता.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासलं, ५.८. श्रेय किन्वाला देणार नाही. अंबाझरीच्या संध्याकाळच्या चकरा होत्या, आणि भात तर मी जुलैपासूनच परत खायला लागलो होतो. एकच वाटी, मोजून, भरपूर वरण घालून. किन्वा आता आठवड्यातून दोनदा डब्यात असतो.

डिसेंबरात मामाचा फोन आला, कट्टे कधी पाठवू म्हणून. आई म्हणाली, "यंदा दीडच पाठव."

तिकडून मामाचा आवाज मला खोलीपर्यंत ऐकू आला, "काऊन? तांदूळ खराब निघाला का मागचा?"

"नाही रे," आई म्हणाली. माझ्याकडे बघितलं. "बरं, दोनच पाठव."